गेमिंग पीसीचा प्रोसेसर निवडायचाय? आधी मॉनिटर बघा

“दादा, आय५ घेऊ की आय७?” गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात. मी उलट विचारतो: मॉनिटर किती हर्ट्झचा आहे (म्हणजे सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो), आणि खेळणार काय? ही दोन उत्तरं न घेता जो प्रोसेसरचं नाव सुचवतो तो अंदाजपंचे बोलतोय, मग तो दुकानदार असो की तुमचा जिवलग मित्र.

नुसतं ‘आय७’ हे इंटेलच्या मालिकेचं नाव काहीच सांगत नाही. २०१२ सालचा आय७-३७७० चार कोअरचा आहे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र कामगार), आणि आजही ‘आय७ गेमिंग पीसी’ म्हणून असली जुनी मशीन नव्या कॅबिनेटमध्ये घालून, रंगीत दिवे लावून विकली जातात. २०२२ चा सहा कोअरचा आय५-१२४००एफ त्याच्या कितीतरी पुढे आहे. वर विंडोज ११ ला तो जुना प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मशीनमध्ये लागतात. मालिकेचं नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

१. कागदावर लिहा

मॉनिटरचे हर्ट्झ, रिझोल्यूशन, आणि सगळ्यात जास्त खेळले जाणारे तीन गेम. बजेटचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, हे तुम्हाला माहीत आहेच.

२. प्रोसेसरची मर्यादा शोधा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. माझेही गेले.

२०२२ मध्ये माझ्याकडे सहा कोअरचा, पाच वर्षं जुना प्रोसेसर होता आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा. शूटर गेममध्ये धुमश्चक्री सुरू झाली की आकडा ८०-८५ एफपीएसवर (सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांवर, म्हणजे फ्रेमवर) यायचा. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर ४५ टक्के. म्हटलं, प्रोसेसर तर अर्धा रिकामा बसलाय, म्हणजे कार्डच कमी पडतंय. पैसे साठवून कार्ड आणलं, बसवलं, तोच मॅप लावला. एफपीएस ८४. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढ-घाल केले, विंडोज नव्याने टाकली. काही फरक नाही. शेवटी रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं, सगळ्या सेटिंग ‘लो’ केल्या, चित्र पार भुरकट झालं, आणि आकडा आला ८६. तेव्हा कळलं की कार्ड पहिल्यापासून प्रोसेसरची वाट बघत होतं.

ते ४५ टक्के बारा थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांची) सरासरी होती. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो. तो वेळेत आटोपला नाही तर बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. विंडोज हा थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहते, त्यामुळे एकेका कोअरचा आलेख पाहिला तरी कुठे शंभर टक्के दिसेलच असं नाही. म्हणून माझं ठाम सांगणं आहे: प्रोसेसरचे टक्के बघून निर्णय घेऊ नका, कार्डाचे टक्के बघा. आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, गेममधली सगळ्यात गर्दीची जागा गाठा. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर पुरेसा आहे. कार्ड ६०-७० वर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन उतरवून बघा. एफपीएस तेवढाच राहिला तर अडचण कार्डात नाही. अशा वेळी दुकानात जायच्या आधी रॅम तपासा. ते शेवटच्या पायरीत सांगतो.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कोणाला विचारावं लागणार नाही. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचं. ती यादी कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवतं. रिझोल्यूशन वाढवलं की रंगवायचं काम वाढतं. हिशेब जवळपास तेवढाच राहतो. ६० हर्ट्झला त्या हिशेबासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ६.९ आणि २४० ला ४.२. त्यामुळे ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर निवांत वाटणारा प्रोसेसर २४० वर दमतो. काही सेटिंग मात्र हिशेबही वाढवतात: गर्दीचं प्रमाण, किती लांबचं दिसावं ते अंतर, आणि रे ट्रेसिंग.

नवं मशीन घेणाऱ्याकडे मोजायला जुनं काही नसतं. त्याने रिव्ह्यू वाचावेत, पण कसे? प्रोसेसरच्या चाचण्या १०८०पी वर, बाजारातलं सगळ्यात तगडं कार्ड लावून करतात. त्यावर लोक चिडतात की असं कोण खेळतं. अहो, मुद्दाम तसं करतात! कार्ड आड येऊ नये आणि प्रोसेसरची खरी मर्यादा दिसावी म्हणून. तुमच्या गेममधला तो आकडा लिहून घ्या. मग कार्डाच्या रिव्ह्यूमधून तुमच्या रिझोल्यूशनचा आकडा घ्या. दोन्हींतला लहान आकडा तुमच्या वाट्याला येणार. प्रोसेसर १५० काढतोय आणि कार्ड ७०, तर आणखी महाग प्रोसेसर घेऊनही सत्तरच मिळतील.

सरासरीच्या शेजारी ‘१ टक्का लो’ असतो, म्हणजे सगळ्यात संथ क्षणांतला एफपीएस, तो आधी वाचा. सरासरी १४० आणि लो ५५ असेल तर गेम हाताला अटकत राहतो, आणि ऐन वेळी निशाणा चुकतो.

प्रोसेसर आणि कार्डाची नावं टाकली की ‘१७ टक्के बॉटलनेक’ (एकामुळे दुसरं अडणं) असा निकाल देणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच जणी गेम कोणता हेसुद्धा विचारत नाहीत. तीच जोडी काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १०८०पी वर प्रोसेसरपाशी अडेल आणि सायबरपंक २०७७ मध्ये ४के वर कार्डापाशी. एकच टक्का दोन्हीकडे कसा लागू होईल?

३. आता नावं

६०-७५ हर्ट्झ आणि कथेचे गेम असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ भरपूर झाला. १४४-१६५ साठी मी रायझन ५ ७६०० पासून सुरुवात करतो. २४० हर्ट्झवर स्पर्धेचे गेम, किंवा फ्लाइट सिम्युलेटरसारखे हिशेबाने जड गेम असतील तरच रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी. यांची ताकद कोअरमध्ये नाही, कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीत आहे: ९६ एमबी. लागणारी माहिती जवळच सापडली की रॅमपर्यंतचा लांबचा फेरा वाचतो. म्हणूनच ५८००एक्स३डी कमी क्लॉकवर (वेगावर) चालूनही बहुतेक गेममध्ये ५८००एक्सला मागे टाकतो, कोअर दोन्हींत आठच असताना. फक्त गेमसाठी सोळा कोअर घेऊ नका.

नावातल्या बारीक फरकाकडेही लक्ष द्या. रायझन ५५०० आणि ५६०० सख्खे भाऊ वाटतात, पण ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० पीसीआयई ३.० वरच थांबतो, म्हणजे कार्डाशी जोडणारा रस्ता जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० सारखी त्या रस्त्याच्या आठच लेन वापरणारी कार्डं असतील तर हाही फरक पडू शकतो. थोडेच पैसे वाचत असतील तर ५५०० घेऊ नका. ५६००जी मध्येही कॅश १६ च. त्याच्या आत ग्राफिक्स आहे, म्हणून तो कार्ड नंतर घेणाऱ्यांसाठी. इंटेलच्या नावात ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) खुलं, पण त्यासाठी झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. बी मालिकेचा बोर्ड घेणार असाल तर त्या खुलेपणाचे पैसे देऊ नका.

४. सॉकेट आणि बोर्ड

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा. एएम५ या रायझन ७००० आणि ९००० च्या सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि २०२७ व त्यापुढेही हा सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी थांबला. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवण्याआधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि जुना प्रोसेसर काढायच्या आधी करा.

सेकंडहँड आय७ किंवा आय९ घेणार असाल तर सावध. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या ताकदवान प्रोसेसरना जादा व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट दिला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण अपडेटने आधीच खराब झालेला प्रोसेसर दुरुस्त होत नाही. बोर्डाचा बायोस कधी अपडेट केला ते विकणाऱ्याला विचारा. उत्तर आलं नाही तर उठून या.

५. कूलर

५६००, ७६०० आणि १२४००एफ यांच्या बॉक्समध्ये कूलर येतो, एक्स३डी मध्ये येत नाही. मी नागपुरात राहतो, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. इथे बॉक्समधला पंखा चालतो, पण दुपारी त्याचा आवाज हेडफोन लावूनही ऐकू येतो. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर साधा टॉवर कूलर बजेटमध्ये धराच.

६. खरेदी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की गावातलं दुकान, ‘बॉक्स पीस की ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा)?’ हे भाव ठरवायच्या आधी विचारा. बॉक्स पीसला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे पीसला दुकानदार देईल तीच, तीही बिलावर लिहून घेतली तर. जीएसटीसह पक्कं बिल घ्या आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलावर येऊ द्या. एएम४ च्या (५५००, ५६०० सारख्या) प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात. पॅकिंग तिथेच उघडा, उजेडात तिरका धरा आणि रांगा सरळ दिसतात का बघा. एएम५ आणि इंटेलच्या पिना बोर्डात असतात, तिथे सॉकेट बघा.

७. बसवल्यावर

रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. १६ जीबीची एकच पट्टी लावली की मेमरीची रुंदी निम्मी होते आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ६००० ची डीडीआर५ अनेकदा ४८०० वरच चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तो बघूनच कॅबिनेटचं झाकण लावा.