लॅपटॉपवर कोणते सॉफ्टवेअर असावे: कंपनीकडे मागणी कशी करावी आणि तिचे उत्तर कसे वाचावे

लॅपटॉप घेताना प्रोसेसर, मेमरी आणि पडद्याचा आकार ग्राहकाला निवडता येतो. मात्र ऑपरेटिंग सिस्टीम कोणती असावी, चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस नको असल्यास काय करावे, असे विचारले की दुकानदार “कंपनीकडूनच तसे येते” असे सांगून मोकळा होतो. त्याचे म्हणणे खरे असते. दुकानापर्यंत खोके पोहोचते तेव्हा आतल्या सॉफ्टवेअरचा निर्णय कधीच झालेला असतो, आणि म्हणून मागणी करायची ती कंपनीकडेच. अशा मागण्यांना कंपन्यांनी प्रतिसाद दिल्याची उदाहरणे आहेत. ती पाहिली तर असे दिसते की विशिष्ट मॉडेलपुरती, खर्चाचा अंदाज बांधता येईल अशी आणि पैसे देण्यापूर्वी केलेली मागणी पुढे सरकते. “ग्राहकाला स्वातंत्र्य द्या” एवढेच म्हणणारे पत्र फाइलमध्येच राहते.

या बाबतीत डेल कंपनीचा २००७ सालचा व्यवहार बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत डेलने ‘आयडियास्टॉर्म’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. ग्राहकांनी तेथे सूचना मांडायच्या आणि इतरांनी त्यांना मते द्यायची, अशी योजना होती. पाहता पाहता लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम आधीच बसवलेले संगणक मिळावेत ही मागणी सर्वांत वर गेली. कंपनीचे पहिले उत्तर असे होते की ऑप्टिप्लेक्स, लॅटिट्यूड आणि प्रिसिजन या व्यावसायिक मालिका नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या लिनक्ससाठी प्रमाणित करण्याचे काम चालू आहे. हे उत्तर वरकरणी होकारासारखे दिसते. परंतु प्रमाणित करणे म्हणजे त्या यंत्रावर ती प्रणाली नीट चालते एवढीच ग्वाही. ती बसवून विकणे हा वेगळा व्यवहार आहे, आणि ग्राहकांनी मागितला होता तो दुसरा. ग्राहकांच्या हा फरक लगेच लक्षात आला आणि त्यांनी तो कंपनीच्याही लक्षात आणून दिला.

त्यानंतर मार्चमध्ये डेलने सर्वेक्षण घेतले, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. लिनक्स हवे की नको एवढ्यावर ते थांबले नाही. लिनक्सचे कोणते वितरण (म्हणजे वापरायला तयार असा संच) हवे, डेस्कटॉपवर हवे की लॅपटॉपवर, तांत्रिक मदत कोणाकडून अपेक्षित आहे, असे प्रश्न त्यात होते. एक लाखाहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. १ मे रोजी उबुंटू या वितरणाची निवड जाहीर झाली आणि २४ मे रोजी अमेरिकेत तीन मॉडेलांची विक्री सुरू झाली: एक्सपीएस ४१० एन, डायमेन्शन ई५२० एन आणि इन्स्पिरॉन ई१५०५ एन. शेवटी लावलेले ‘एन’ हे अक्षर विंडोजविना येणाऱ्या मॉडेलांसाठी डेल त्याआधीपासून वापरत होती. यंत्राच्या बिघाडाची जबाबदारी डेलने स्वतःकडे ठेवली. सॉफ्टवेअरबाबत मदत हवी असल्यास ती कॅनॉनिकल या उबुंटूमागच्या कंपनीकडून शुल्क भरून घेता येत होती. मागणी पुढे सरकली ती या तपशिलांमुळे, कारण प्रत्येक तपशिलामागे कंपनीचा एक खर्च दडलेला असतो.

त्याच वसंतात आणखी एक मागणी मान्य झाली, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आल्यावर कंपन्यांनी घरगुती मॉडेलांवरून एक्सपी ही विंडोजची आधीची आवृत्ती काढून टाकली होती. ग्राहकांच्या आग्रहावरून डेलने एप्रिलमध्ये काही इन्स्पिरॉन लॅपटॉप आणि डायमेन्शन डेस्कटॉपवर एक्सपीचा पर्याय परत आणला. हे काम लिनक्सपेक्षा खूपच सोपे होते, कारण ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होते, परवान्याचा करार होता आणि मदत केंद्रातील कर्मचाऱ्यांना ती प्रणाली पाठ होती. जी गोष्ट कंपनी कालपर्यंत करत होती ती चालू ठेवा, अशी मागणी मान्य होण्याची शक्यता नेहमीच अधिक असते. आपली मागणी त्या स्वरूपात मांडता येते का, हे आधी तपासावे.

मागणी लिहिण्यापूर्वी थोडी तयारी लागते. मॉडेलचे जाहिरातीतले नाव पुरेसे नसते. एकाच नावाखाली अनेक प्रकार विकले जातात आणि त्यांतला एखादा आपल्याला हवा तसा असूही शकतो. खोक्यावरील चिठ्ठीवर किंवा लॅपटॉपच्या तळाशी छापलेला संपूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्राशी ताडून घ्यावा. तपशीलपत्रात ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतंत्र ओळ असते. तेथे ‘डॉस’, ‘फ्रीडॉस’ किंवा ‘उबुंटू’ असे लिहिलेले असेल तर त्या यंत्राच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेला नाही. भारतात असे लॅपटॉप अनेक वर्षे मिळत आले आहेत. म्हणून परदेशातील ग्राहकांना ज्यासाठी भांडावे लागले ते आपल्याकडे कधीकधी शेजारच्या दुकानातच मिळते, फक्त विक्रेता ते आपणहून दाखवत नाही. दोन प्रकारांमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय दुसरा काहीही फरक नसेल, तर त्यांच्या किमतींतील अंतर टिपून ठेवावे. पुढे परताव्याचा प्रश्न आला तर हाच आकडा उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष पत्र. ते ई-मेलने पाठवावे आणि पाठवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दूरध्वनीवरील आश्वासनाचा पुढे काहीच उपयोग होत नाही. मजकूर साधारण असा असावा: “आपल्या अमुक क्रमांकाच्या लॅपटॉपचे तीन नग आमच्या कार्यालयासाठी या महिन्यात घ्यावयाचे आहेत. हेच मॉडेल विंडोजशिवाय किंवा उबुंटूसह भारतात उपलब्ध आहे काय, असल्यास त्याचा मॉडेल क्रमांक आणि किंमत कळवावी. उपलब्ध नसल्यास, ग्राहकाने स्वतः दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्यावर यंत्राच्या वॉरंटीवर काही परिणाम होतो काय, याचे लेखी उत्तर मिळावे. तसेच या मॉडेलचे फर्मवेअर अद्यतन लिनक्समधून करता येते काय, हेही कळवावे.” या पत्रात सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानाविषयी एक अक्षर नाही. नगांची संख्या आणि खरेदीचा महिना मात्र आहे, आणि त्यामुळे ते पत्र मदत विभागाकडून विक्री विभागाकडे जाण्याची शक्यता वाढते. शाळा, गृहनिर्माण संस्था, ग्रंथालय किंवा एखादे छोटे कार्यालय यांच्या वतीने, त्यांच्या छापील पत्रशीर्षावर मागणी केल्यास वजन आणखी वाढते.

फर्मवेअरचा, म्हणजे यंत्राच्या भागांतच साठवलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरचा, प्रश्न पत्रात मुद्दाम घातला आहे. लिनक्स बसवण्याइतकेच ते वर्षानुवर्षे सुरक्षित ठेवणेही महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी उत्पादकाने फर्मवेअरच्या फाइली लिनक्ससाठीच्या सामायिक सेवेवर ठेवाव्या लागतात. डेल आणि लेनोव्हो यांसारख्या कंपन्या अनेक मॉडेलांसाठी त्या ठेवतात. या प्रश्नाला नेमके उत्तर आले तर कंपनीत त्या विषयाची जबाबदारी कोणाकडे तरी आहे असे समजावे; “कृपया जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा” असे उत्तर आले तर नाही असे समजावे.

उत्तर आल्यावर ते वाचण्याचेही काही संकेत आहेत. ‘सुसंगत’, ‘प्रमाणित’ आणि ‘आधीच बसवलेले’ या तीन पायऱ्या आहेत आणि कंपनी खालच्या पायरीवर उभी राहून वरच्या पायरीची भाषा बोलू शकते. देशाचा उल्लेख पाहावा, कारण डेलचे उबुंटू संगणकही आधी फक्त अमेरिकेत मिळत होते आणि युरोपातील काही देशांत ते ऑगस्ट २००७ मध्ये आले. लेनोव्होने २०२० साली फेडोरा हे लिनक्सचे आणखी एक वितरण बसवलेला थिंकपॅड एक्स१ कार्बन विकायला काढला; पण त्या नावाचा जो लॅपटॉप आपल्या दुकानात दिसतो त्यावर फेडोरा असेलच असे नाही.

नको असलेल्या जास्तीच्या प्रोग्रॅमांविषयीची मागणी वेगळ्या प्रकारची असते, कारण ते प्रोग्रॅम बसवण्याबद्दल कंपनीला अनेकदा पैसे मिळालेले असतात. सोनीने मार्च २००८ मध्ये वायो लॅपटॉपच्या एका मालिकेवर ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय दिला: असे प्रोग्रॅम नको असतील तर ग्राहकाने वर ४९.९९ डॉलर मोजायचे. घर झाडून देण्याचे पैसे कचरा टाकणाऱ्यानेच मागावेत, तशातलाच हा प्रकार होता. ओरड होताच कंपनीने ते शुल्क तत्काळ मागे घेतले. यावरून एवढे समजते की अशा बाबतीत खासगी पत्रापेक्षा उघडपणे मांडलेली नाराजी अधिक लवकर काम करते.

लेनोव्होचे प्रकरण याहून गंभीर होते. २०१४ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या तिच्या काही घरगुती लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम होता आणि त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे आहे की नाही हे संगणक ज्याच्या आधारे ठरवतो ते) बसवले होते. त्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा कूटबद्ध संवादही मध्येच उघडता येण्याचा धोका निर्माण झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उजेडात आल्यावर कंपनीने तो प्रोग्रॅम काढण्याचे साधन दिले आणि पुढे केवळ ऑपरेटिंग सिस्टीम, यंत्र चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर, सुरक्षा सॉफ्टवेअर आणि स्वतःचे प्रोग्रॅम एवढेच देण्याचे जाहीर केले. या यादीतले ‘सुरक्षा सॉफ्टवेअर’ आणि ‘स्वतःचे प्रोग्रॅम’ हे दोन शब्द मी पुन्हा वाचायला सांगेन, कारण चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस त्यांतल्या पहिल्यात आरामात बसतो. म्हणून मागणी करताना “अनावश्यक सॉफ्टवेअर नको” असे मोघम न लिहिता प्रोग्रॅमांची नावे द्यावीत.

खरेदी झाल्यावर विंडोजचे पैसे परत मागणे हा मार्ग अवघड आहे, पण बंद नाही. विंडोजच्या परवाना करारातच असे म्हटलेले असते की अटी मान्य नसतील तर सॉफ्टवेअर वापरू नये आणि परताव्याचे धोरण काय आहे हे यंत्राच्या उत्पादकाला विचारावे. मात्र त्या धोरणानुसार संपूर्ण यंत्रच परत करावे लागू शकते, असेही तेथे नमूद असते. म्हणून हा मार्ग धरायचा असल्यास लॅपटॉप प्रथम सुरू करताना कराराच्या पानापर्यंत जावे, ‘स्वीकार’ हे बटण न दाबता त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे, यंत्र बंद करावे आणि त्याच दिवशी कंपनीला लिहावे. आधी विंडोज वापरून मग परतावा मागितल्यास बाजू लंगडी पडते.

युरोपातील निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. एका फ्रेंच ग्राहकाने सोनीकडे सॉफ्टवेअरचे पैसे मागितले तेव्हा कंपनीने सगळा व्यवहार रद्द करून पूर्ण किंमत परत देण्याची तयारी दाखवली. प्रकरण युरोपीय महासंघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितले की सॉफ्टवेअरसह संगणक विकणे ही मुळातच अनुचित प्रथा ठरत नाही. याउलट इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एचपीविरुद्धच्या खटल्यात ग्राहकाचा परताव्याचा हक्क मान्य केला. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे याचा समावेश ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथे’च्या व्याख्येत आहे. तक्रारीत तो आधार नमूद करता येतो, पण तेच मॉडेल डॉससह बाजारात उपलब्ध असेल तर सक्ती होती असे म्हणणे कठीण जाईल. कंपनी उत्तरच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, ई-मेलची तारीख आणि तक्रार क्रमांक हाताशी ठेवून, मराठीतही तक्रार नोंदवता येते.

मराठी वाचकांनी खरेदीपूर्वी विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही विंडोजची आवृत्ती असते. तिच्यात पडद्यावरील मेनू आणि सूचनांसाठी एकच भाषा ठेवता येते. देवनागरीत टंकलेखन करण्यास तिची आडकाठी नाही. परंतु घरात वडिलांना मराठी मेनू आणि मुलांना इंग्रजी मेनू हवा असेल तर ही आवृत्ती चालणार नाही. त्यासाठी वरची आवृत्ती असलेले मॉडेल मागावे किंवा आवृत्ती बदलण्याचा खर्च किती येईल हे कंपनीला आधीच विचारावे.

एवढे करूनही नकार आला आणि ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच बदलायची ठरली, तर वॉरंटीच्या मुदतीत गरज पडल्यास सगळे पूर्ववत करता यावे म्हणून कंपनीने दिलेल्या साधनाने पेन ड्राइव्हवर मूळ सॉफ्टवेअरची रिकव्हरी प्रत आधी तयार करून घ्यावी. त्यानंतर उबुंटू पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वाय-फाय, कॅमेरा, ध्वनी, प्रकाशमान कमी-जास्त करणाऱ्या कळा आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपते व पुन्हा उघडल्यावर जागे होते की नाही, हे तपासावे. बोटाचा ठसा वाचणारे यंत्र बहुतेकदा येथेच अडते. ते अडले तर त्या भागाचे नाव लिहून कंपनीला पुन्हा एक ई-मेल पाठवावा.