मधुमेह असेल तर जीभ कशी तपासावी

आठवड्यातून एकदा, सकाळी चूळ भरून झाल्यावर आणि चहा घेण्याआधी, आरसा घेऊन खिडकीपाशी बसा. चहा-कॉफीने जिभेचा रंग बदलतो.

१. जीभ पूर्ण बाहेर काढा. टोक स्वच्छ रुमालात धरून दोन्ही कडा बघा, मग जीभ टाळूला लावून खालची बाजू. तंबाखू-मिश्रीची सवय असणाऱ्यांनी ही जागा तर चुकवूच नये.

२. पांढरा थर दिसला तर ओल्या कापडाने हलकेच पुसा. रोजचा पातळ थर निघतो आणि खाली गुलाबी जीभ दिसते, त्याची काळजी नको. पण दह्याच्या कवडीसारखे चट्टे निघून खाली लालभडक, हुळहुळी जागा उरली, तर बहुधा ती कॅन्डिडा बुरशी. साखर वाढली की ती लाळेतही उतरते, त्यात तोंडाला कोरड. बुरशीला आयतंच फावतं. रात्री कवळी न काढणाऱ्यांना आणि दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना हा त्रास जास्त. डॉक्टरांच्या औषधाने चट्टे जातात, पण साखर चढीच राहिली तर परत येतात.

पुसूनही न निघणारा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. इथे थांबून बघायचं नाही.

३. जीभ गुळगुळीत, लाल झालीय, साधी आमटीही झोंबते? मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी झालेलं असू शकतं, शाकाहारी माणसात तर विशेष. ‘तोंड आलंय’ म्हणून कितीतरी जण मनानेच गोळ्या खात राहतात, याचं फार वाईट वाटतं. बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका.

४. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल तर कोरड खरीच आहे. घोट घोट पाणी प्या. चघळायला खडीसाखर नको.

५. मधुमेह आहे की नाही हेच माहीत नसेल, तर जिभेवरून ठरवू नका. नुसत्या भेगा निरोगी माणसालाही असतात. वारंवार बुरशी, सतत तहान, रात्री लघवीला उठणं असं असेल तर उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम (दर डेसिलिटरला) किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. डॉक्टर गरजेप्रमाणे पुन्हा तपासून खात्री करतात.