जुन्या गाडीच्या बंपरचे तुटलेले कान: घरी करता येणारी दुरुस्ती

पंधरा-सोळा वर्षे वापरलेल्या छोट्या गाडीचा पुढचा बंपर एका बाजूने ओघळलेला दिसला, तर बहुतेक वेळा बंपर फुटलेला नसतो, त्याचा कान तुटलेला असतो. गॅरेजच्या भाषेत कान म्हणजे बंपरच्या कडेला किंवा वरच्या पट्टीवर असलेली बोटभर रुंदीची प्लास्टिकची जीभ. तिच्या भोकातून स्क्रू किंवा क्लिप जाते आणि बंपर गाडीला धरून राहतो. एक कान गेला की त्याचा भार शेजारच्या कानांवर पडतो, काही महिन्यांत तेही जातात, आणि मग द्रुतगती मार्गावर वेग घेताच बंपरची कड फडफडू लागते किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासू लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली तर असा अर्धवट लटकलेला बंपर पाण्याच्या रेट्याने निघूनही जातो. नवा बंपर आणि त्याचे रंगकाम यांचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने जड वाटतो, आणि ही दुरुस्ती एका रविवारात घरी होण्यासारखी आहे. मात्र तुकडा जोडणे हा त्यातला सोपा भाग आहे. तो मूळच्या जागी, मूळच्या कोनात जोडणे हे खरे काम आहे.

सर्वप्रथम नेमके काय तुटले आहे ते पाहावे. चाकाच्या कमानीजवळ बंपर आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, जिथे भेटतात, तिथे बहुतेक गाड्यांत आत एक वेगळे प्लास्टिकचे ब्रॅकेट असते. ते फेंडरला स्क्रूने बसवलेले असते आणि बंपरची कड त्याच्या खाचांत सरकून अडकते. ब्रॅकेटच्या खाचा तुटल्या असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. तो सुटा भाग स्वस्तात मिळतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो. बंपरच्या अंगचाच कान तुटला असेल, तरच पुढचे सारे सोपस्कार करावेत. तुटलेला तुकडा बहुधा त्याच ब्रॅकेटमध्ये किंवा स्क्रूखाली अडकून राहिलेला असतो. तो फेकू नये. मूळ तुकडा हाती असणे म्हणजे निम्मे काम झाल्यासारखे आहे.

बंपर उतरवताना केलेल्या घाईत शाबूत कानही तुटतात, म्हणून ही पायरी सावकाश करावी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून उभी करावी आणि सकाळचा गारवा ओसरून प्लास्टिकला तासभर ऊन लागल्यावरच हात घालावा, कारण जुने प्लास्टिक गार असताना अधिक ठिसूळ वागते. फॉग लॅम्पच्या वायरी असतील तर बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवून ठेवावी. फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लावावी, नाहीतर रंगावर ओरखडे हमखास येतात. बॉनेटखालच्या क्लिपा, खालच्या बाजूचे स्क्रू आणि कमानीतील लाइनिंगचे स्क्रू काढून झाले, की बंपरची कड पुढे न ओढता बाहेरच्या बाजूला, म्हणजे फेंडरपासून दूर, झटका न देता ओढावी. खाचांतून एकेक सुटल्याचा टक्-टक् आवाज येतो. दुसरी बाजू धरायला घरातले कुणीतरी हवे. एकट्याने केल्यास एक बाजू सुटताच बंपरचे वजन दुसऱ्या बाजूच्या कानावर येते आणि दुरुस्तीचे काम दुप्पट होते. कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर बंपरचे चित्र काढून त्यातच टोचून ठेवले की परत बसवताना शोधाशोध होत नाही.

आता गोंदाविषयी, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. बंपर उलटा करून आतल्या बाजूला पाहिल्यास दोन टोकदार कंसांमध्ये प्लास्टिकचा प्रकार कोरलेला दिसतो. माझ्या २००९ सालच्या गाडीवर ‘पीपी + ईपीडीएम’ असे आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि त्यात मिसळलेले एक प्रकारचे रबर. पुढे ‘टीडी १०’ किंवा ‘टीडी २०’ असेल, तर त्याचा अर्थ तितके टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळली आहे असा होतो. पॉलिप्रोपिलीनचा पृष्ठभाग स्वभावतःच मेणचट असतो. झटपट चिकटणारा गोंद किंवा दोन ट्यूब मिसळून करायची इपॉक्सी त्यावर सुकते, पण चिकटत नाही, आणि पहिल्याच खड्ड्यात अख्ख्या खपलीसारखी सुटून येते. मी स्वतः एकदा इपॉक्सी पुटीचा लाडूच्या लाडू कानावर थापला होता; तो आठवड्याभरात जसाच्या तसा हातात आला, आतल्या बाजूला प्लास्टिकचा ठसा घेऊन. तेव्हा पीपीचा कान वितळवूनच जोडावा लागतो. कोरलेली खूण ‘एबीएस’ असेल तर गोष्ट वेगळी आहे. ते प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते आणि त्याच प्लास्टिकचे कपटे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने उत्तम सांधले जाते.

पीपीसाठी लागणारे सामान फार नाही. ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. २५ वॅटचाही चालतो, पण वेळ फार लागतो. त्याचे टोक या कामानंतर इलेक्ट्रॉनिक जोडकामाच्या लायकीचे राहत नाही, म्हणून जुनाच घ्यावा. भर घालण्यासाठी त्याच जातीचे प्लास्टिक हवे. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानामागे फुटक्या बंपरांचा ढीग असतो. ‘पीपी + ईपीडीएम’ अशीच खूण असलेला एखादा तुकडा तिथे मागितला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्याच्या पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून घ्याव्यात. भर म्हणून केबल टाय वितळवण्याची युक्ती बरीच प्रचलित आहे, पण केबल टाय नायलॉनचे असतात आणि नायलॉन पीपीत मिसळत नाही. वरून गुळगुळीत दिसणारा तो सांधा नखानेही उचकटता येतो. मजबुतीसाठी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लागते, आणि चहाच्या जुन्या गाळणीची जाळी यासाठी अगदी योग्य जाडीची असते. लोखंडी जाळी वापरू नये, ती गंजते, आणि कोकणच्या हवेत तर पहिल्याच पावसात गंजते.

तुटलेल्या दोन्ही कडा प्रथम साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कराव्यात. सांध्याच्या भोवती दोन सेंटिमीटरपर्यंतचा रंग खरवडून काढावा. डॅशबोर्ड-बंपर चमकवणाऱ्या सिलिकॉनच्या पॉलिशचा थर तसाच राहिला, तर वितळलेले प्लास्टिकही नीट एकजीव होत नाही.

यानंतर बरेच जण थेट जोडायला बसतात, आणि बंपर परत बसवताना भोक चार मिलिमीटर सरकलेले आढळते. ते टाळण्यासाठी तुटलेला तुकडा आधी गाडीवर त्याच्या जागी स्क्रूने हलकेच बसवावा, मग बंपर जागेवर चढवून फेंडरशी असलेली फट दुसऱ्या बाजूच्या फटीइतकी जुळवावी, आणि त्याच स्थितीत बाहेरच्या बाजूने सांध्यावर अ‍ॅल्युमिनियमची चिकट टेप घट्ट दाबून लावावी. आतून हात पोहोचत असेल तर आयर्नच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी प्लास्टिक वितळवून टाकेही तिथेच घालून घ्यावेत. मग स्क्रू काढून, टेपसकट बंपर उतरवून टेबलावर आणावा. तुकडा हरवलाच असेल, तर विरुद्ध बाजूचा शाबूत कान कागदावर रेखून तो कागद उलटा करावा. उजव्या-डाव्या बाजू सहसा एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असतात. त्या साच्यावरून भंगारातल्या बंपरचा तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून नवा कान घडवता येतो.

जोडकाम मोकळ्या हवेत करावे, कारण तापलेल्या प्लास्टिकच्या धुराने घसा आणि डोळे चुरचुरतात. भेग बंपरच्या अंगात पुढे गेली असेल, तर तिच्या टोकाशी तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. सांध्याच्या बाजूने आयर्नच्या टोकाने इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची चर, निम्म्या जाडीपर्यंत खोल, पाडावी. पॉलिप्रोपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि आयर्नचे टोक त्याहून कितीतरी गरम असते. म्हणून टोक एका जागी रेंगाळू देऊ नये. प्लास्टिक ओल्या मेणासारखे चमकले की ते योग्य तापले असे समजावे. धूर निघू लागला किंवा कडा तपकिरी पडली, तर ते जळत आहे आणि तेवढा भाग खरवडून काढावा लागेल. भराची पट्टी आणि चरीच्या दोन्ही भिंती एकाच वेळी वितळल्या पाहिजेत. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर तो सांधा नव्हे, लेप होतो. हा हात बसेपर्यंत भंगारातल्या तुकड्यावर पाच-सहा वेळा सराव करून ते सांधे मुद्दाम मोडून पाहावेत. चांगला सांधा जोडाच्या रेषेवर मोडत नाही, शेजारी वाकतो.

आतल्या बाजूची चर भरली, की बोटभर जाळी सांध्यावर आडवी ठेवून आयर्नने दाबत प्लास्टिकमध्ये बुडवावी आणि वरून पातळ भर घालावी, जाळीचा एकही तार उघडा राहू नये. मग टेप काढून दुसऱ्या बाजूलाही तशीच चर पाडून भरावी. गार करण्यासाठी पाणी ओतू नये. एकदम गार झालेला सांधा वाकतो. अर्धा तास तसाच ठेवावा.

काही जण इथेच न थांबता दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून कान पोलादी करू पाहतात. माझ्या मते ते चुकते. कान हा अपघातात आधी तुटावा अशाच बेताने बनवलेला असतो. तो तुटला नाही, तर पार्किंगमधला किरकोळ धक्कासुद्धा फेंडरच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि पत्र्याचे काम कानापेक्षा कितीतरी महाग पडते. ओघळ लपवण्यासाठी लोखंडी गार्ड बसवणे तर त्याहून वाईट, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले आहे.

भोकाचा आकार हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मूळ कानावरची काही भोके गोल नसून लंबगोल असतात, आणि ते उगाच नाही. दीड मीटर लांबीचा बंपर पहाटेच्या गारव्यातून भर उन्हात गेला, ३० अंशांनी तापला, तर तो सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. त्या लांबण्याला वाव देण्यासाठी हे भोक लांबट ठेवलेले असते. दुरुस्तीत ते गोल झाले, तर प्रत्येक उन्हाळ्यात कानावर ताण येतो आणि नवी भेग जुन्या सांध्याशेजारीच फुटते. म्हणून शेजारी-शेजारी दोन भोके पाडून गोल कानसीने मधला भाग काढून टाकावा, आणि स्क्रू आडवा दोन्ही दिशांना दीड-दोन मिलिमीटर सरकतो का ते पाहावे. मूळ भोक गोल असेल तिथे मात्र गोलच ठेवावे. बंपरची जागा त्यावरच ठरते.

दुसऱ्या दिवशी कान अंगठ्याने दाबून पाहावा. तो थोडा वाकून परत आला पाहिजे. करकर आवाज आला तर सांधा आतून पोकळ आहे. बंपर परत चढवताना आधी सगळे स्क्रू दोन-तीन आट्यांपुरते लावून घ्यावेत, फटी जुळवाव्यात, आणि मगच मधून कडांकडे जात आवळावेत. स्क्रूखाली रुंद वॉशर घालावा आणि वॉशर प्लास्टिकला टेकताच पाना थांबवावा. पत्र्यावरचे स्प्रिंगचे नट गंजून ढिले झाले असतील तर तेही बदलावेत, कारण ढिला स्क्रू खडबडीत रस्त्यावर कान कुरतडत राहतो. वाळून कडक झालेल्या जुन्या क्लिपा पुन्हा लावण्यात अर्थ नाही. सुट्या भागांच्या दुकानात त्या काही रुपयांना मिळतात, फक्त नमुना म्हणून एक जुनी क्लिप सोबत न्यावी, कारण भोकाच्या मापात एका मिलिमीटरचा फरक पडला तरी क्लिप धरत नाही. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर स्क्रू एकदा हाताने तपासावेत आणि बंपर टायरच्या बाजूला दाबून पाहावा.