कोरियन जेवणातलं कर्क्युमिन मोजताय? या चुका टाळा

कोरियात माणशी रोज किती कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, पोटात जातं याचं उत्तर 600 मिलिग्रॅमच्या घरात आलं, तर आधी करी पावडरचा रकाना तपासा. घोळ बहुधा तिथेच असतो.

कोरियात ओत्तोगी कंपनीने 1969 मध्ये करी पावडर बाजारात आणली आणि तिथली करी घडली ती अशा तयार पाकिटांवर. त्यात हळद आणि मसाल्यांसोबत गव्हाचं पीठ, स्टार्च, स्निग्ध पदार्थ, साखर, मीठ असतं. बटाटा, गाजर, कांदा, मांस शिजलं की ती कालवून सोडायची, रस्सा दाटतो आणि भातावर ओतता येतो. तो दाटपणा पिठाचा! आपल्या मसाल्याच्या डब्यातली हळद डोळ्यांपुढे ठेवून हिशेब मांडला की तो फसतो.

100 ग्रॅमचं पाकीट पाच जणांना पुरलं असं धरा. माणशी 20 ग्रॅम पावडर. ही सगळी हळद मानली आणि हळदीत 3 टक्के कर्क्युमिन धरलं, तर 600 मिलिग्रॅम. पण पावडरीत हळद समजा 5 टक्केच असेल, तर हळद 1 ग्रॅम आणि कर्क्युमिन 30 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीची कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180. पहिल्या हिशेबाने विनाकारण घबराट पसरेल.

ते 3 टक्केही दगडावरची रेघ नव्हे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हळद आणि करी पावडरीचे 28 नमुने पाहिले. शुद्ध हळदीत सरासरी 3.14 टक्के कर्क्युमिन निघालं, काही करी पावडरींत मात्र अगदीच नगण्य. म्हणून पाकिटावर हळदीचं प्रमाण दिलेलं नसेल तर एकच आकडा ठोकून देऊ नका. किमान आणि कमाल, दोन्ही मांडा.

1981 पासून मिळणारी ‘तीन मिनिटांची’ करी म्हणजे शिजवलेला पदार्थ, पाणी आणि बटाट्यासकट. तिच्या 200 ग्रॅमला पावडरचा दर लावू नका. कोरियन जेवणातला पिवळा मुळाही (मुळ्याचं लोणचं) हळदीच्या नावावर टाकू नका, त्याचा रंग अनेकदा गार्डेनिया या झुडपाच्या फळाचा असतो.

पाहणीच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत माणसाला मागच्या 24 तासांतलं खाणं विचारतात. आपल्याकडे वरणात, भाजीत रोज चिमूटभर हळद पडतेच, तिथे करी अधूनमधून होते. शाळेच्या जेवणात काल करी होती म्हणून त्या मुलाचं ते रोजचं खाणं ठरत नाही, आणि काल नव्हती म्हणून तो कधीच खात नाही असंही नाही. त्यामुळे सगळ्यांची सरासरी वेगळी द्या, त्या दिवशी खाणाऱ्यांची वेगळी. कोरियातल्या जिंदो बेटावर पिकणाऱ्या हळदीची पूड औषध म्हणून घेणारे थोडेच, पण त्यांना करीवाल्यांत मिसळलं तर सरासरी उगाच वर चढते. त्यांचा रकाना वेगळाच ठेवा.