प्रगत गणितासाठी शाळा बदलावी का, हे कसे ठरवावे

ज्या पदवी अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्याच्या प्रवेशाच्या अटी आधी स्वतः वाचाव्यात. तेथे प्रगत गणित अनिवार्य आहे की केवळ असल्यास उत्तम, यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो.

त्यानंतर आवड तपासावी, पण ती गुणांवरून नव्हे. नव्या अभ्यासक्रमातील संमिश्र संख्या (ऋण संख्यांची वर्गमुळेही ज्यांत मोडतात अशा संख्या) किंवा गणिती विगमन (पहिल्या संख्येसाठी विधान खरे दाखवून, एकीसाठी खरे तर पुढचीसाठीही खरे, असे सिद्ध करण्याची रीत) यांपैकी एखादे प्रकरण कोणाच्याही मदतीशिवाय वाचून पाहावे. १ + ३ + ५ = ९ याप्रमाणे पहिल्या कितीही क्रमागत विषम संख्यांची बेरीज पूर्ण वर्गच का येते, हे सिद्ध करताना उत्तर न सापडताही तासभर त्यात रमता आले, तर ती खरी खूण समजावी; सिद्धतेच्या पायऱ्या पाठ करण्याकडेच कल गेला, तर शाळा बदलून फारसे साधणार नाही, असे माझे मत आहे.

नव्या शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. विद्यार्थी कमी असल्यास वर्ग भरतो का आणि शिकवणार कोण, हे प्रत्यक्ष विचारावे, आणि परवानगी मिळाल्यास एका तासाला बसावे. इतर विषयांचा क्रम वेगळा असल्यास काही धडे दुसऱ्यांदा वाट्याला येतात, तर काही कायमचे निसटतात. सत्राच्या मध्यात बदल केल्यास हा धोका वाढतो. प्रवासाचा वेळही मोजावा.

सध्याच्या शाळेत राहून हा एकच विषय ऑनलाइन शिकून बहिःस्थ परीक्षा देता येते का, याची चौकशी मात्र दाखला काढण्यापूर्वीच करावी.