वालपारईला सिंहपुच्छ माकडं बघायला जाताय? मग हे वाचा

सिंहपुच्छ माकड महाराष्ट्रात नाही, गोव्यातही नाही. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूचे घाट सोडले तर जगात कुठल्याच जंगलात नाही, आणि सगळी मिळून उरलीत ती काही हजारच. केरळच्या सायलेंट व्हॅलीतही आहेत, पण तिथे दाट जंगल, दिसली तर नशीब. पहिल्यांदा जात असाल तर सरळ तामिळनाडूच्या घाटातलं वालपारई धरा.

मुंबईहून ट्रेनने कोइंबतूर, तिथून बसने पोल्लाची, मग वालपारईची बस. आळियारनंतर ४० हेअरपिन वळणं आहेत, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी पोट हलकं ठेवा. स्वतःची गाडी असेल तर चेकपोस्टच्या वेळा आणि ई-पासचं निघायच्या आधी बघून घ्या. जून ते सप्टेंबर जाऊ नका, पाऊस बेक्कार असतो आणि जळवा पण.

गावाजवळ पुदुतोट्टम म्हणून चहाचा मळा आहे, त्यात जंगलाचा एक तुकडा शिल्लक राहिलाय आणि टोळ्या तिथेच असतात. मळा खाजगी आहे, आत घुसायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. सकाळी लवकर जा, वर फांद्या हलतायत का बघत शांत उभे राहा. नीलगिरी वानर पण काळंच असतं म्हणून लोक फसतात, पण सिंहपुच्छाच्या चेहऱ्याभोवती राखाडी-पांढरी आयाळ असते आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. मी पाहिलेला नर फणसाला चिकटून बसला होता, गरे उपसून गालाच्या पिशव्या भरत होता, गाल टम्म फुगले तरी हात थांबेना, पंधरा मिनिटं मी कॅमेरा काढायचाच विसरलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खायला काहीही देऊ नका. केळं नाही, बिस्किट नाही, चिप्स तर नाहीच. आपल्याकडे घाटात गाडी थांबवून माकडांना खायला टाकायची सवय आहे ना, ती इथे जीव घेते. माझ्यासमोर एका गाडीतून केळं फेकलं, पोटाला पिल्लू चिकटलेली मादी खाली उतरली आणि वळणावरून बस आली, ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचली. या माद्यांना दोन-तीन वर्षांतून एकदाच एक पिल्लू होतं हो, एक मादी गेली की टोळीचं किती नुकसान होतं विचार करा. याच रस्त्यावर त्यांना वरूनच पलीकडे जाता यावं म्हणून झाडाझाडांत पूल बांधलेत, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनची माणसं तिथे खूप वर्षं राबतायत. माकडं त्यावरून जाताना दिसली तर खाली गर्दी करू नका, हॉर्न नको, फ्लॅश नको, सेल्फीसाठी जवळ जाणं तर अजिबात नको. सर्दी-खोकला असेल तर लांबूनच बघा, आपले आजार त्यांना लागू शकतात.

दुर्बीण नक्की न्या आणि दोन सकाळी तरी हातात ठेवा. उतरताना ९ नंबरच्या (खालून मोजलं तर नवव्या) वळणावर व्ह्यूपॉइंट आहे, तिथे कठड्याजवळ बऱ्याचदा नीलगिरी ताहर (डोंगरातल्या रानबकऱ्या) उभे असतात, त्यांनाही काही खायला घालू नका.