जेसीबी रस्त्यावर काढायच्या आधी: बेळगाव पट्ट्यातल्या मालकांसाठी तयारी

आपल्याकडं जेसीबी आज खानापूरला शेततळं काढतो आणि उद्या शिनोळीच्या पलीकडं चंदगडात चरी मारतो, आणि जातो तो रस्त्यानंच, स्वतःच्या चाकांवर. म्हणून आधी मशीन कुठलं ते बघा. टायरवालं जेसीबी, रोलर, ग्रेडर ही कायद्यानं बांधकाम वाहनं, नोंदणी केली की रस्त्यावर चालतात, पण तेही कामापुरतं, थोडा वेळ आणि ताशी ५० किमीच्या आत. चेनवालं पोकलेन मात्र शेजारच्या गावात न्यायचं असलं तरी लोबेडवरूनच (मशीन वाहून न्यायचा बुटका ट्रेलर) न्या.

मग आरसी. इथं आपल्या भागातली लोकं जास्त अडकतात, कारण कोल्हापूरकडून जुनं मशीन स्वस्तात मिळतं आणि एमएच ०९ च्याच नंबरवर वर्षानुवर्षं बेळगावात काम चालू असतं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८), मग इथला टॅक्स आणि केए २२ चा नंबर. मशीन घेतानाच आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे का बघा हो, आमच्या पाहुण्यांनी घेतलेल्या मशीनचं कर्ज आधीच्या मालकानं कधीच फेडलं होतं पण बोजा काही उतरवला नव्हता, तो उतरवायच्या फॉर्म ३५ वर फायनान्सवाल्यांची सही मिळेपर्यंत एनओसी अडली आणि ऐन उन्हाळ्याचा सीझन हातातनं गेला. नोंदणीची १५ वर्षं कधी संपतात ती तारीख पण त्याच वेळी बघून घ्या, पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायची.

ऑपरेटरचं लायसन तोंडी विचारू नका, हातात घेऊन वाचा. नुसतं मोटरसायकल आणि कारचं लायसन असलेली पोरं सर्रास लिव्हरवर बसतात, हात चांगला असतो त्यांचा, पण त्या प्रकारच्या वाहनाची नोंद लायसनवर नसेल तर चालवणारा आणि चालवायला देणारा मालक दोघांवरही केस होते, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अपघातात कोणी गेलं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे नंतर मालकाकडनं वसूल करायला बघते, तिथं घर विकायची पाळी येते.

विम्यात थर्ड पार्टी सक्तीचीच. पण एजंटला पॉलिसीतल्या आयएमटी ४७ या कलमाबद्दल नक्की विचारा, कारण बकेटनं काम करताना मशीन उलटलं तर त्याचं नुकसान जादा प्रीमियम भरल्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्या लाल मातीत पावसाळ्यात बांधाच्या कडेला मशीन कलंडायला काय वेळ लागतोय.

आता मशीनकडं या. शेतात वळायला सोपं जावं म्हणून दोन ब्रेक पेडल वेगळी ठेवलेली असतात, रस्त्यावर यायच्या आधी ती पट्टीनं जोडा, नाहीतर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि मशीन एका बाजूला खेचतं. मागचा बूम (खोदायचा हात) आणि त्याचं फिरणं दोन्ही लॉक करा, मशीन जमिनीवर टेकवायचे दोन्ही पाय पूर्ण वर घ्या, पुढची बकेट जमिनीपासून थोडी उचललेली पण हेडलाइटच्या आड येणार नाही अशी. रुंदी २.६ मीटरच्या वर असेल तर वाढीव भागावर पिवळे-काळे पट्टे आणि रात्री लाल दिवे पाहिजेत, ३ मीटरच्या वर तर चालतच नाही. टेललाइटवरचा चिखल पुसा. उचगावकडनं येताना एकदा आमच्या मशीनचे मागचे दोन्ही दिवे चिखलानं झाकले गेले होते, मोटरसायकलवरचं नवराबायको अगदी मागच्या बकेटच्या दातांजवळ येऊन थांबलं, बाईच्या मांडीवर बाळ होतं. तेव्हापासनं केबिनमध्ये फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

कागदं डिजीलॉकरमधली चालतात, पण खानापूरच्या जंगलाकडं रेंज जाते, म्हणून सगळ्याची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली ठेवा.